कुंकवाचे दोन ठिपके

हुपरी, दसरा, २००८

प्रिय धम्मपाल,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडावंसं वाटलं तर तुझं काही चुकत नाही. पण लेका, आधी वाच, मग खुशाल फाड.

शाहूपुरीच्या कॉम्प्युटर क्लासात आपण एकाच बाकावर बसायचो, पण लिनक्स शिरलं ते तुझ्याच डोक्यात. आमच्या पैंजणांच्या कारखान्यात तू किती हौसेनं कॉम्प्युटर बसवलास! दोन हार्ड डिस्क. एकीत मशीन चालवणारं लिनक्स, दुसरीत आमची डिझाइनं. पहिलीच्या वायरीला तू बहिणीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलास आणि मला बजावलंस, ही वायर कायम पहिल्या खाचेत, नाहीतर मशीन उठायचं नाही. गावातले आणखी चार कारखानदार तुझ्याकडूनच मशीन घेणार होते.

मग खंडेनवमी आली. हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडायची, म्हणून मी दीडशहाण्यानं कॉम्प्युटरची पेटीही उघडली. वायरी काढल्या, धूळ पुसली, दिसेल त्याला कुंकू लावलं. दोन्ही वायरींवर लाल ठिपके! कुठली कुठं, कळेना. अंदाजानं खुपसल्या. संध्याकाळी तू आलास, पेढा घेतलास, आमच्यात पूजा करत नाहीत म्हणून हात मात्र जोडले नाहीस. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर ओळी धडाधड पळाल्या आणि 'कर्नल पॅनिक'वर, म्हणजे मशीन ठप्प झाल्याच्या निरोपावर, येऊन थांबल्या.

तू धावत आलास. पेटी कुणी उघडली होती का, विचारलंस. अप्पा शेजारीच उभे. बापाच्या भीतीनं मी नाही म्हणालो. तू मागच्या फटीत बोट घातलंस, माझ्याकडं एकदा बघितलंस आणि बोट शर्टाला पुसलंस. मग अप्पांच्या तोंडाचा पट्टा सुटला. यानं हात जोडले नाहीत म्हणूनच मशीन बसलं म्हणाले, आणि पुढं तुझ्या जातीवरून जे बोलले ते लिहायला हात धजत नाही. मी तिथंच होतो, जमिनीकडं बघत.

चार दिवसांनी मी गुपचूप वायरींची अदलाबदल केली आणि मशीन उठलं. आमच्या वीरभद्रनं दुरुस्त केलं, असं अप्पांनी गावभर केलं, आणि ती शाबासकी मी घेतली रे. त्या चौघा कारखानदारांनी तुला नको म्हटलं, तू पुण्याला निघून गेलास. आजही कुणी मला कॉम्प्युटरवाला म्हटलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा एसटी स्टँडवर तुझी आई भेटली. मीनाकाकी हसत हसत बोलून गेल्या, त्या दिवशी तुझ्या शर्टाला कुंकू कसं म्हणून विचारलं, तर तू म्हणालास, वीरभद्रच्या मशीनमधलं हाय, कुणाला बोलू नको, त्याचा अप्पा त्याला सोलून काढंल.

म्हणजे तुला ठाऊक होतं! तरी सगळं ऐकून घेतलंस, माझ्यासाठी. काल खंडेनवमीला सगळ्या कारागिरांसमोर मी अप्पांना खरं सांगितलं. ते पूजा अर्धी टाकून आत गेले, अजून माझ्याशी बोललेले नाहीत. माफी मागायला मला तोंड नाही. पण तू एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर सहा वर्षं माझ्याकडं राहिलंय, तेवढं द्यायला हे पत्र. व्हय धम्मा, पेटी मीच उघडली होती.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
वीरभद्र