तन्वीच्या डोक्यावरची शपथ

प्रिय आई,

आधीच सांगते, रागावू नकोस. आणि रागावलीस तरी पूर्ण वाच, मध्येच बाजूला टाकू नकोस. काल तन्वीला लस दिली, आणि त्यासाठी मला तुझी शपथ मोडावी लागली. वरोरच्या बायका तिकडेही तुझ्याभोवती जमल्या असतील तर बातमी एव्हाना तुझ्या कानावर आलीही असेल, तीही तिखटमीठ लावून! म्हटलं, त्यापेक्षा आपणच लिहावं.

शपथ आठवते ना? तुझे शेवटचे दिवस, वरोरचं घर, दुपारची वेळ होती. तन्वी तुझ्या कुशीला झोपली होती. तू माझा हात ओढून तिच्या डोक्यावर ठेवलास. तेव्हा तुझ्या अंगात उठून बसायची ताकद नव्हती, पण मनगट असं धरलंस की बांगडी रुतली. "म्हण, कोणाला सांगणार नाही. जावईबापूंना नाही, आणि तुझ्या बाबांना तर मरेपर्यंत नाही." मी म्हटलं. काय करणार होते? तुझे डोळे बघून दुसरं काही तोंडातून निघालंच नसतं.

पण आई, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घालतात का गं? लहानपणी आम्ही पोरी एकमेकींना शपथा घालायचो आणि मग "सुटली म्हण ना, सुटली म्हण ना" करत मागे फिरायचो. समोरची सुटली म्हणाली की संपलं, मोकळ्या. तू तेवढा एक शब्द न बोलता गेलीस. माझंही चुकलं. तुझ्या मागे लागून तो वदवून घ्यायला हवा होता, आणि मी आपली तुला पेज भरवत बसले!

तुला काय झालं होतं हे जगात तिघींनाच ठाऊक होतं. तू, मी आणि मुंबईच्या इस्पितळातली ती डॉक्टरीण. बाकी सगळ्यांना 'पोटाचं दुखणं'. आणि त्याच्याआधी काय, तर 'गुडघे'! किती वर्षं आम्हाला गुडघ्यांवर फिरवलंस गं! मी दर सुट्टीत तेलाची बाटली घेऊन वरोरला यायचे, तू पाय पुढे करायचीस आणि मी चोळत बसायचे. गुडघ्याला काही झालेलंच नव्हतं.

तुझी पाळी गेली तेव्हा तू किती खूश होतीस ते मला अजून दिसतं. "आता मी कायमची देवाची झाले गो," म्हणाली होतीस. बाबांची बोट पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पाण्यात जायची तेव्हा नारळाचं ताट धरायचा मान तुला मिळाला. नवी साडी, कपाळभर कुंकू, किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका तुझ्या मागे. काकू नुसती जळायची! आणि मग एका वर्षी तू ताट काकूच्या हातात दिलंस. म्हणालीस, गुडघे दुखतात, वाळूत चालवत नाही.

खरं काय ते इस्पितळात कळलं. अंगावरून पुन्हा जायला लागलं होतं आणि तुला वाटलं, पाळीच परत आली. देवाला विटाळ नको म्हणून ताट सोडलंस, देवघर सोडलंस, आणि लोकांनी कारण विचारू नये म्हणून गुडघे धरून बसलीस. देवाला सांभाळलंस, माणसांना सांभाळलंस, दवाखाना तेवढा राहिला. आई, एवढ्या वर्षांनी पाळी परत येते का गं कोणाची? एकदा, फक्त एकदा माझ्या कानात बोलली असतीस! मी तुला त्याच दिवशी उचलून नेलं असतं. तेव्हा कदाचित उपाय झाला असता, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. त्या वाक्याने मला आजही मधूनच रडू येतं, भाजी निवडता निवडता.

बाजारात चक्कर येऊन पडलीस, सुक्या बोंबलाची टोपली रस्त्यावर सांडली, तेव्हा कुठे तुला मुंबईला नेता आलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघींना आत बोलावलं. तुझा जावई चहा आणायला गेला होता. त्या म्हणाल्या, हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, एका विषाणूमुळे होतो, आणि तो विषाणू संबंधातून येतो. तू लगेच विचारलंस, "संबंधातून म्हणजे कोणाच्या?" त्या बिचाऱ्या समजावून सांगत होत्या, की आजी, हा फार लोकांच्या अंगात कधी ना कधी येतो, बहुतेकांचा आपोआप जातो, एखादीचा राहतो. कधी आला, कोणाकडून आला, कोणी सांगू शकत नाही, यात कोणाची चूक नसते. पण तुझे कान पहिल्या वाक्यालाच बंद झाले होते. बाहेर आल्यावर म्हणालीस, "लोक मला तरी नावं ठेवतील, नाहीतर तुझ्या बाबांना. सबंध गावात तांडेल म्हणून मान आहे त्यांना." बोट चालवणाऱ्या माणसाचा मान राखायला तू स्वतःच्या दुखण्याचं नाव बदललंस.

आता यंदाचं सांगते. तन्वीला चौदा वर्षं पूर्ण झाली. इथे तलासरीला तिच्या शाळेत सांगितलं, या वयाच्या मुलींना याच आजाराची लस सरकारी दवाखान्यात मिळणार आहे, आईवडिलांनी संमती द्या. मला तर देवच पावल्यासारखं झालं! पण आमच्या घरी काय कीर्तन सुरू झालं विचारू नकोस.

सासूबाई म्हणाल्या, "असली लस आपल्या पोरीला कशाला? आपली पोर काय तसली आहे? आणि उद्या मूलबाळ नाही झालं तर?" कोणीतरी त्यांच्या फोनवर तसं पाठवलं होतं. मी दवाखान्यातल्या सिस्टरना विचारून आले होते, तसं काहीही होत नाही, आणि लस लग्नाच्या कितीतरी आधी द्यावी लागते, तेव्हाच ती खरी कामाची. सगळं सांगितलं. त्यावर सासूबाईंनी काय करावं? टीव्हीचा आवाज वाढवला.

हे तर शाळेत गुरुजी! पाड्यावरचे आईबाप यांना रस्त्यात अडवून विचारायचे, "गुरुजी, तुमच्या पोरीला देणार काय?" आणि हे म्हणायचे, "बघू." गुरुजी 'बघू' म्हणाले की अख्खा पाडा 'बघू' म्हणतो, तुला माहीत आहे. मी रोज विषय काढायचे, हे रोज म्हणायचे, घाई काय आहे, लग्नाच्या वेळी बघू. माणूस वाईट नाही गं, घाबरला होता. एकुलती एक पोर.

शेवटी एक दिवस मी पोळ्या लाटत होते आणि हे म्हणाले, "आपल्या घरात कोणाला झालाय का असला कॅन्सर? मग?"

आई, मला माहीत आहे की हा आजार घराणं बघून येत नाही, कोणालाही होतो. तेच सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण माझ्या हातातलं लाटणं थांबलं. ज्या डोक्यावर हात ठेवून मी गप्प राहायची शपथ घेतली, त्याच डोक्यासाठी आता बोलायचं होतं. तू सांग, मी काय करायला हवं होतं? दोन्हीकडे तन्वीच! मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "झालाय. माझ्या आईला."

मग सगळं सांगितलं. गुडघे, ताट, पाळी, डॉक्टरीणबाई, शपथ. हे ऐकत राहिले. मला वाटलं चिडतील, एवढी वर्षं लपवलं म्हणून. चिडले नाहीत. म्हणाले, "मी आईंना ताक पाजत राहिलो गं. पोटाला थंड म्हणून." आणि डोळे पुसायला मोरीत गेले. त्या शेवटच्या सुट्टीत वरोरला तुझ्यासाठी रोज वाटीभर ताक हिंग लावून आणायचे, आठवतं? तू नको असताना पीत होतीस, खोटं उघडं पडू नये म्हणून. एवढा हट्ट, आई!

त्याच आठवड्यात मी वरोरला गेले. म्हटलं, बाबांना दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. ते ओट्यावर जाळं शिवत होते. आता समुद्रात जात नाहीत, पण हात रिकामे ठेवत नाहीत. जेवायला काकूने मासळीचं कालवण पाठवलं होतं, आणि त्यांनी ते माझ्याकडे सरकवून नुसता भात आणि वरण घेतलं.

तुला हे माहीत नसेल. तू गेल्यापासून बाबांनी तिखट सोडलंय. त्यांना वाटत होतं, त्यांच्या जिभेसाठी तू जन्मभर लालभडक कालवणं केलीस आणि तेच तुझ्या पोटाला लागलं. "मीच मारली तिला," असं काकूला म्हणाले होते म्हणे. बघ तुझ्या शपथेने काय केलं! त्यांना दोष लागू नये म्हणून तू गप्प बसलीस आणि ते भलत्याच दोषाने इतकी वर्षं अळणी जेवले. मला इतका राग आला तुझा! समोर असतीस तर भांडलेच असते.

मी सांगितलं. बापाशी असलं कोण कधी बोललंय? जाळ्याकडे बघत सांगितलं, त्यांनीही जाळ्याकडे बघत ऐकलं. मग हातातली गाठ मारून विचारलं, "माझ्याकडून गेला काय गो तो तिला?"

मी डॉक्टरीणबाईंचंच सांगितलं. कोणालाच कळत नाही बाबा, फार लोकांना होतो, कोणाची चूक नसते. ते म्हणाले, "असू दे. माझा असला तरी असू दे. तिने मला सांगायचं होतं. मी तिच्याजवळ बसलो असतो. आतबाहेर करत राहिलो मी, मला वाटायचं पोट आहे, होईल बरं." मग जाळं गुंडाळून ठेवलं आणि म्हणाले, "तन्वीला कधी नेणार? मी येतो."

आणि आले की! सकाळच्या एसटीने, धुतलेला सदरा घालून. सासूबाईंना नमस्कार करून म्हणाले, "विहीणबाई, आमची बाई याच आजाराने गेली. पोरीला लस देऊ या." सासूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "न्या. पण काहीतरी खाऊन न्या."

दवाखान्यात पाड्यावरच्या पाच-सहा बायका मुलींना घेऊन उभ्या होत्या. गुरुजींच्या मुलीचा नंबर येतो का ते बघत होत्या. तन्वीने घाबरून सकाळपासून काहीही खाल्लं नव्हतं, आजी सांगत होती तरी. सुई झाली आणि बाकावर बसता बसता पोरगी पांढरी पडली, माझ्या अंगावर कलली.

आई गं! तेव्हा माझं काय झालं ते मी तुलाच सांगू शकते. मला वाटलं, लागली. शपथ लागली. मी तुझ्यावर मनातल्या मनात ओरडले, "सुटली म्हण! आत्ता म्हण!" सिस्टरने तिला आडवं केलं, पाय वर धरले, आणि मलाच दटावलं, "उपाशी आणलीत ना पोरीला?" दोन मिनिटांत तन्वीने डोळे उघडले आणि म्हणाली, "भूक लागली." मी इतकी रडले की सिस्टरने मलाच पाणी दिलं.

पण तेवढ्यात एका बाईने आपल्या मुलीचा हात धरला आणि निघाली. "गुरुजीची पोर पडली, आपल्याला नको," म्हणून दुसरीही वळली. हे दारात उभे, मुलांना दिवसभर ओरडून शिकवणारा माणूस, नुसता बाजूला सरून वाट देऊ लागला.

बाबा उठले. त्यांचा आवाज तुला माहीत आहे, एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर हाक मारायचा आवाज. म्हणाले, "बायांनो, थांबा. माझी नात उपाशी होती म्हणून चक्कर आली, ती बघा बिस्किट खाते. माझी बायको या आजाराने गेली. खालचा आजार म्हणून लाजेने तिने कोणाला सांगितलं नाही, मलापण नाही. माझ्यामुळे झाला असेल, नसेल, मला ठाऊक नाही. पण ती लाजली आणि मेली. तुम्ही लाजू नका." ती पहिली बाई दाराजवळ थांबली होती. मुलीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि परत येऊन रांगेत उभी राहिली.

आई, ज्या माणसाचं नाव राखायला तू जीव दिलास ना, त्याने ते नाव भर दवाखान्यात स्वतः सोडून दिलं, आणि त्याला काही झालं नाही. कोणी हसलं नाही. एका म्हातारीने उलट त्यांना चहा दिला. तुला एवढंच कळायला हवं होतं गं. ते तुझ्यापर्यंत वेळेत पोचलं नाही, याचं वाईट माझ्या मनातून कधी जाणार नाही.

तन्वी बरी आहे. दंड दुखतो म्हणून आज भांडी घासायची नाहीत असं तिने जाहीर केलंय. आजी तिला शिरा भरवतेय.

आणि आता माझं. सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, लस मुलीची झाली, तुमची तपासणी कधी केलीत?" मी म्हटलं, करू, बघू. आई, हुबेहूब तुझाच आवाज निघाला माझ्या तोंडून! मला लाज वाटते. आतमध्ये बघणार, कोणीतरी ओळखीचं भेटणार, काय काय मनात येतं. पण तुला वचन देते, येत्या सोमवारी मी जाते. आणि वाटेत कोणी विचारलं, कुठे निघालीस, तर गुडघे सांगणार नाही.

तुझी,
सुमन