गणूचं राहिलेलं प्रकरण

मंगळवार, संध्याकाळ. सापगाव.

आज गणूचा दहावा. नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, आयेला आमी सांभाळू." नाही. "शेत इकनार नाय." तरी नाही. शेजारचा दामू पुटपुटला, "जन्मभर घाई गण्याला, आन आज बघा."

गणूचं काय राहिलंय, ते मला ठाऊक होतं. महिनाभर मी त्याला एक रहस्यकथा वाचून दाखवत होतो. झोपडपट्टीतली, धुणीभांडी करणारी बाई खुनाचा छडा लावते. शेवटचं प्रकरण मीच राखून ठेवलं. का ठेवलं? "वाच ना रे मास्तर, दूधवालाच हाय तो," म्हणाला. मी म्हटलं, उद्या. पहाटे गेला.

खुनी कोण, एवढंच पिंडापुढे सांगायचं होतं. पण एकट्याने पुढे वाचायचं नाही असं आमचं ठरलेलं. मग मला तरी कुठे माहीत? शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. शाळेतल्या इतक्या कविता पाठ, एक ओळ ओठावर आली नाही. रडूही नाही.

घरी आल्यावर ओसरीवर बसून ते प्रकरण मोठ्याने वाचलं. दूधवालाच निघाला, गणू.

अंगणात कावळा नव्हता.