नेलपॉलिशखालचा जोड

अण्णा,

१२ डिसेंबर १९८०, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. नाशिक रोडच्या आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शाळेच्या प्रार्थनेचा इलेक्ट्रिक ऑर्गन झाकण काढून पडला आहे आणि पंधरा वर्षांची मी गरम सोल्डरिंग आयर्न धरून उभी आहे. मधल्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. तुम्ही दोन दिवस वायरी चाचपत बसलात. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा तुटलेली वायर मला सापडली. जोडावर गुंडाळायला टेप मिळेना, म्हणून वेणीची पांढरी रिबन फाडून बांधली. पट्ट्या बोलू लागल्या. तेवढ्यात तुम्ही आणि ऑर्गन बघायला आलेल्या शाळेच्या सिस्टर एकदमच दारात.

"हिनं हात घातला, सिस्टर," तुम्ही म्हणालात. "घाबरू नका, मी सगळं नव्यानं करून देतो."

मुलीनं केलेली दुरुस्ती गिऱ्हाईक घेणार नाही, हा तुमचा हिशोब मला तेव्हाही कळला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑर्गन पोचवलात, नेहमीप्रमाणे प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन. मागाहून कोणी उघडलं तर कळावं म्हणून. हात घातला म्हणून शाळेनं मला नाताळच्या समारंभात ऑर्गन वाजवू दिला नाही, तुम्ही दुकानात पाऊल ठेवू दिलं नाहीत. टायपिंगच्या क्लासला घातलंत. सगळी नोकरी मी सरकारी कचेरीत दुसऱ्यांची पत्रं टाइप करण्यात घालवली. हे मात्र हातानं लिहिते आहे.

गेल्या महिन्यात शाळेनं तो ऑर्गन भंगारात काढला. मी रिक्षात घालून घरी आणला. मला त्याला मिडी बसवायचं होतं, म्हणजे कुठली पट्टी कोणत्या क्षणी दाबली ते एका वायरीवरून कम्प्युटरला जसंच्या तसं कळवणारी सोय. तुमच्या दुकानात ती नव्हती. तुमचे लाल ठिपके खरवडले, झाकण उचललं. रिबन तिथंच. पिवळी पडलेली, गाठ माझीच. तुम्ही काहीही नव्यानं केलं नव्हतं, अण्णा. माझ्या कामावर नेलपॉलिश लावून ते तुमचं म्हणून दिलंत.

मूळ वस्तूला ओरखडा नको, म्हणायचात ना? मी मागच्या फळीला ड्रिलनं भोक पाडलं, सॉकेट बसवलं, प्रत्येक पट्टीखालून वायर काढून नव्या कार्डाला जोडली. त्या तीन पट्ट्यांच्या वायरी माझ्या जुन्या जोडापासूनच घेतल्या. तिन्ही चालतात.

तुम्ही आता आहात तिथं हे पत्र टाकायला पेटी नाही. ऑर्गनच्या पोटात ठेवून झाकण लावते आहे. एक कबूल करते: स्क्रू आवळून बघताना हात आपोआप नेलपॉलिशकडे गेला, आणि सरावासाठी कागदावर दिलेले ठिपके अगदी तुमच्यासारखे गोल आले. पण तेवढ्यासाठी तुम्हाला सवलत मिळणार नाही. "जोड माझ्या मुलीचा होता," एवढं एकच वाक्य मला हवं आहे, सिस्टरांच्या नावे, खाली तुमची सही. सर्वपित्री अमावस्येला दुपारी बाराच्या आत लेखी पाठवा. त्याआधी तुमचं पान वाढलं जाणार नाही.