पडद्यावर माझेच हात

मंगळवार, संध्याकाळ. पौड

आज डॉक्टर मॅडमनी आम्हा नर्सना कालच्या बाळाचा व्हिडिओ दाखवला. जन्मल्यावर रडलीच नव्हती ती. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरवरच्या कॅमेऱ्यात फक्त बाळ आणि हात दिसतात, तरी माझे हात मी लगेच ओळखले. आता बोलणी बसणार!

मॅडम म्हणाल्या, "चूक कुणाची ते शोधू नका. बाळाची छाती बघा."

छाती हलतच नव्हती. मी बॅग दाबून हवा देत होते, पण बाळाची हनुवटी खाली टेकलेली, मास्क कडेने सुटलेला. काल कसं दिसलं नाही मला? मग व्हिडिओत मॅडमनी बाळाची मान सरळ केली, मी मास्क नीट धरला आणि छाती वर आली. पाठोपाठ माझाच आवाज, "रड की गं बाय!" ती रडली, तशा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोर वॉर्डात खुशाल आहे, हे माहीत असूनही!

नंतर बाहुलीवर सराव केला. आधी मान सरळ, मग मास्क. पहिल्याच दाबाला छाती वर! मान, मान, मान. आता नाही विसरणार.

निघताना वॉर्डात डोकावले. बाळाचा बाप पार वैतागला होता. "सिस्टर, लई रडतीया वो ही. गप कशी करायची?"

"नका करू," म्हटलं आणि तिथेच बसून ऐकत राहिले.