दगडगोट्यांचा वकील

३ मार्च

नाही म्हणजे नाही! कड्याच्या पायथ्याशी सिमेंटची भिंत मी होऊ देणार नाही! नगराध्यक्ष म्हणतात, "भिंत बांधली की कडा ढासळायचा थांबेल." थांबेल हो — पण मग किनाऱ्यावर गोटे येणार कुठून? आभाळातून? अठ्ठावीसला गावाची सभा, हात वर करून मतदान. सगळी पुस्तकं खाली काढली. जेवायचं राहिलंच.

६ मार्च

भूगोलाच्या बाईंनी आज मला तासभर गप्प बसवलं — आमच्या आईला हे जन्मात जमलं नाही!

कड्यातून तुटतो तेव्हा दगड कोनाकोनाचा, भांडखोर. लाटा त्याला शेजाऱ्यांवर घासत राहतात. वर्षानुवर्षं. कोपरे जातात, गुळगुळीत होतो. "तुमचे अजून जायचेत," बाई म्हणाल्या.

लाट वर येते ती दणक्यात, मोठाले गोटेही वर फेकते. परतताना मात्र पाणी फटींतून झिरपून जातं, ओढायला जोरच उरत नाही. म्हणून मोठे वर, बारके खाली. म्हणूनच आमचा किनारा असा उभा! "वाळूवर लाट लोळते, गोट्यांवर ती दमते." लाट दमते! हे वाक्य मी चोरणार.

९ मार्च

दिवसभर किनाऱ्यावर. लाट परतली की हजारो गोटे एकदम खडखडतात — एवढ्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नाहीत!

१४ मार्च

पुरावा सापडला! आक्काचं घर कड्याच्या अगदी टोकाला. भाऊजींनी जाण्याआधी मोजलं होतं — मागच्या दारापासून कड्यापर्यंत बावीस पावलं. आज मी मोजली. चौदा! उडीच मारली. "आक्का, कडा झिजतोय! किनारा पोसला जातोय!"

ती चादरी वाळत घालत होती. "हळू नाच, तेरा होतील." मग म्हणाली, "भिंत झाली तर चौदाची चौदा राहतील ना रे?"

"राहतील. पण पाच-दहा वर्षांत किनारा संपेल! मग लाट थेट बाजारात!"

"हं," म्हणाली. "मोठा आलाय दगडगोट्यांचा वकील."

काय जीभ आहे हिची! हसत हसत घरी आलो. भाषणात चौदा पावलं आलीच पाहिजेत.

२८ मार्च

जिंकलो! जिंकलो!!

पाऊण तास बोललो. "हा कडा रोज स्वतःला मोडून देतो, म्हणून तुमची दुकानं कोरडी आहेत! देणाऱ्याचे हात बांधणार?" सभागृह दणाणलं. बावीसची चौदा झाल्याचं सांगितलं तेव्हा तर शिट्ट्या! हात दोनदा मोजले. दोन्ही वेळा एकाच मताच्या फरकाने भिंत पडली — बांधायच्या आधीच! नगराध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं. मला खांद्यावर उचलून बाजारभर फिरवलं. घसा गेला, चप्पल गेली, पर्वा नाही!

२९ मार्च

सकाळी भूगोलाच्या बाई आल्या. म्हणाल्या, आक्का काल मागच्या रांगेत होती. दोन्ही मोजण्यांत तिचा हात वर होता. आपल्या बाजूने.

धावत गेलो. ती भांडी कागदात गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "छान बोललास हो. तुझ्या घरात माझी खोली कुठली?"