तुझ्या समुद्राकडे निघालेली पिशवी

प्रिय सुधा,

आत्ताच नदीवरून आले. साडीचा काठ अजून ओला आहे, अंगाला त्या पाण्याचा वास आहे. वास जायच्या आत लिहिते. नंतर राग निवेल आणि मी समजूतदारपणा करीन. तो मला नको आहे.

आज तुझ्या अस्थी कयाधूत सोडल्या. आपल्या दादाच्या नितीननं. कशा, सांगू? अस्थी, हार, अगरबत्तीचा पुडा, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. वर गाठ मारून! शी!

जन्मभर तू काय केलंस गं? उपग्रहातून किनाऱ्याचं पाणी पाहिलंस. कुठं गढूळ झालं, कुठं शेवाळ माजलं, नुसत्या रंगावरून ओळखलंस. आणि तुझ्याच नावानं ही घाण! आपली कयाधू पैनगंगेला मिळते, ते पाणी पुढं गोदावरीतून समुद्रात जातं, हे तूच मला नकाशावर बोट फिरवून दाखवलं होतंस.

आठवतं? मी पोळ्या लाटताना विचारलं होतं, "तुझा उपग्रह वेगळा तो काय?"

"बाकीचे तलाठ्यासारखे, ताई. येतात, डोकावतात, जातात. आमचा पृथ्वीच्याच चालीनं फिरतो, म्हणून एकाच किनाऱ्यावर डोळा. तुझ्यासारखा! दारात खुर्ची टाकून बसलेला."

मी लाटणं उगारलं होतं.

आज मी पाण्यात उतरले. नितीन ओरडला, "आत्या, काहून उतरून राहिली? लोक पाहून राहिले!"

"पाहू दे. टाकताना नाही वाटली लाज?"

काठावरचा एक जण म्हणाला, "जाऊ द्या न बाई. पाण्यात गेलं म्हंजे गेलं."

"कुठं गेलं?"

याच माणसांनी शोकसभेत तुला 'हिंगोलीची शान' म्हटलं होतं. किळस आली मला.

पिशवी ओढून काढली, गाठ सोडली आणि तुला माझ्या हातानं पाण्यात सोडलं. बाकी लोकांच्या पिशव्या तिथंच बाभळीला अडकून होत्या.

तुझ्यावरही राग आहे. इतकी मऊ का होतीस? दर सुट्टीत कयाधूच्या पुलावरून जायचीस, बघायचीस आणि गप्प! "वरून दिसत नाही का हे?" विचारलं, तर म्हणालीस, "पिशवी नाही दिसत, ताई. इतक्या दुरून पाण्याचा रंग तेवढा दिसतो."

मग पिशवी कुणी बघायची?

मी बघेन. उद्यापासून घाटावर खुर्ची टाकते. उजेड असेपर्यंत बसेन, तुझ्या उपग्रहासारखी. नितीनला सांगितलंय, खुर्ची रोज तूच उचलून आणायची.

तुझी,
ताई