टब असलेली खोली

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला उद्देशून एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले आहे ती एका हॉटेलमुळे. ऐकलं असतं तर तुम्ही हसला असता. मिलच्या गेस्ट हाउसचे तुम्ही खानसामा. भोपाळ-दिल्लीच्या साहेबांच्या पलंगावरच्या चादरीला सुरकुती राहिली तर तुम्हाला जेवण जायचं नाही. आणि तुमची मुलगी वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या हॉटेलात उतरली, तीही तिथे जाण्याआधी घरात सगळ्यांशी भांडून.

आईला या वर्षी पंचाहत्तर पूर्ण झाली. ती माझ्याकडेच असते, इथल्या लालबागेत, इंदूरपासून चार तासांवर. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालते. तुमची नात, माझी मुलगी, जी तुम्ही गेलात तेव्हा तीन वर्षांची होती, ती इंदूरला नोकरीला लागली आहे. तिनंच काढलं की आजीच्या वाढदिवसाला आपण तिघींनी इंदूरच्या एखाद्या भारी हॉटेलात दोन दिवस राहायचं, खर्च तिचा. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मम्मी, तू हर चीज में ना क्यूं बोलती है? आजीला विचार ना एकदा." आजीला विचारलं. मला वाटलं होतं आई हात झटकेल. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता तिनं एवढंच विचारलं, "तिथं टब राहतो का, आंघोळीचा?"

मग दोन हॉटेलं निघाली. एक जुन्या धर्तीचं, पुढे हिरवळ, लाकडी जमीन, उंच छत, दर खोलीत टब. दुसरं नवं, अकरा मजली, सगळं काचेचं. त्याच्या न्हाणीत टब नाही, पण धरायला दांडे, बसायला बाकडं, आणि इस्पितळ हाकेच्या अंतरावर. दादा पुण्याहून फोनच्या पडद्यावर यायचा आणि नव्याचीच बाजू घ्यायचा. नात जुन्याचे फोटो मला पाठवायची. मी स्वतः दोन्हीकडे फोन करून विचारलं: पायऱ्या किती, लिफ्ट कुठे, टबाची कड किती उंच. जुन्या हॉटेलातला माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, मॅडम, गुडघ्याच्या वर येते. मी डोळ्यांपुढे आईला त्या कडेवरून पाय टाकताना पाहिलं आणि माझा निर्णय झाला. ऑपरेशननंतरचे ते तीन महिने मी एकटीनं काढले होते, अण्णा. तिला पुन्हा तसं आडवं झालेलं मला बघायचं नव्हतं. मी आईला सांगितलं, "आजकाल कुठेच टब नसतात ग. बंद केले सगळ्यांनी."

आई म्हणाली, "मंग राहू दे. तुम्ही दोघी जा."

तिचा आवाज चढला नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. चहा दिला की घ्यायची, गोळी दिली की गिळायची. तिसऱ्या दिवशी नात सुट्टीला आली, आणि आजीनं तिला विचारलं असावं; तिनं सहज सांगून टाकलं की टब आहे की, मम्मीला फोटो पाठवला होता ना मी. मग नात तरातरा स्वयंपाकघरात आली. "मम्मी, तू आजीसे झूठ बोली?" मी पोळी लाटत होते. म्हटलं, "तिच्या हाडांची काळजी तुला आहे का मला?" ती म्हणाली, "काळजी आणि खोटं एकच असतं का?" मी लाटणं ओट्यावर आपटलं.  तिनं माझ्यासमोरच फोनवर जुन्या हॉटेलची खोली घेऊन टाकली. बाहेरच्या खोलीत आई हे सगळं ऐकत होती.

मला हॉटेल कुठलंच नको होतं, याचं खरं कारण मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही तिथेच होता.

मी दहा वर्षांची आहे. दुपारची वेळ. तुम्ही चष्मा घरी विसरलात आणि भोपाळहून कोणी बडे साहेब येणार म्हणून सामानाची यादी वाचायला तो लागणार, म्हणून आई क्वार्टरवरून निघाली आहे आणि मी तिच्या मागे. गेस्ट हाउसच्या पुढच्या पायऱ्या लाल, पुसून चकचकीत केलेल्या. आईनं चपला खाली काढल्या आणि दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. साहेब अगोदरच आलेले होते, व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेले. त्यांनी विचारलं, "कौन है?" तुम्ही ट्रे घेऊन दारात आलात. तुम्ही आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणालात, "काम माँगने आई होगी, साहब." मग आईला, "ए बाई, पीछे से आओ." आईनं पदर पुढे ओढला, चपला हातात घेतल्या आणि आम्ही सगळ्या इमारतीला वळसा घालून मागे गेलो. तापलेल्या गिट्टीच्या खड्यांवरून अनवाणी. मागच्या दारात तुम्ही चष्मा घेतलात. तुमचा चेहरा कसा होता? मला आठवत नाही. मला फक्त "ए बाई" आठवतं. घरी कोणी त्यावर बोललं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर कधी.

तर अशी मी, बेचाळीस वर्षांनी आईचा हात धरून एका हॉटेलच्या पायऱ्या चढत होते. इंदूरपर्यंत आम्ही तिघी गाडीनं आलो होतो. घाटात नातीनं एकदा गाणी लावली आणि स्वतःच बंद केली. दारात पगडीवाला माणूस होता. त्यानं दार उघडून आईला वाकून नमस्कार केला, तेव्हा मी आईकडे चोरून बघितलं. ती ताठ मानेनं आत गेली. मलाच घाम फुटला होता.

खोलीत गेल्या गेल्या आईनं न्हाणीघर पाहिलं. पांढराशुभ्र टब, पितळी नळ. तिनं नातीला पाणी सोडायला सांगितलं. मी म्हटलं, मी आत थांबते. आई म्हणाली, "काही नको. मले येते." मी रबरी चटई अंथरली, स्टूल टेकवलं, तिला शपथ घातली की कडी लावायची नाही. ती हो म्हणाली. दार लागलं आणि कडीचा आवाज आला.

दहा मिनिटं झाली. मी विचारलं, "झालं का ग?" उत्तर नाही. पाण्याचा आवाज केव्हाच थांबला होता. मी दार वाजवलं. "आई?" काहीच नाही. मी मुठीनं ठोकायला लागले. नात म्हणाली, "आजी, कुछ तो बोल!" आतून हूं नाही की चूं नाही.  पाण्याखाली गेलेलं तिचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. नातीनं खाली फोन लावला तेव्हा तिचाही आवाज फाटला होता, आणि मी, अण्णा, त्या क्षणी तिच्यावर ओरडले, "तुझ्यामुळे! तुझ्या हौसेमुळे!" ती भिंतीला टेकून उभी राहिली, जणू मी तिला मारलं.

हॉटेलची एक बाई धावत आली. माझ्याच वयाची, निळी साडी, केस घट्ट बांधलेले. मागे मॅनेजर होता, त्याला तिनं दाराबाहेरच थांबवलं. त्या कडीला दाराच्या बाहेरून एक खाच होती; तिनं चपट्या खिळ्यासारखं काहीतरी त्यात घालून फिरवलं. उघडण्याआधी ती दाराला तोंड लावून म्हणाली, "माताजी, मैं हूँ, अकेली औरत. आ जाऊँ?" उत्तराची वाट न बघता मी तिला बाजूला करून आत घुसले.

आई टबात बसली होती. पाणी छातीपर्यंत, पाठ टेकलेली, दोन्ही हात कडांवर. डोळे उघडे. माझ्याकडे तिनं इतक्या रागानं पाहिलं की मी जागच्या जागी थांबले.

"पाच मिनिटं बसू द्या ना ग मले," ती म्हणाली.

मी स्टुलावर खाली बसले आणि रडायला लागले. त्या बाईनं आईच्या खांद्यावर टॉवेल टाकला, म्हणाली, आराम से बैठिए, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मी म्हटलं, "ओ द्यायला काय झालं होतं तुला? जीव गेला असता माझा." आईनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मग तिनं सांगितलं. जे तुम्ही दोघांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही ते.

त्या "ए बाई"नंतर आठेक दिवसांनी तुम्ही भर दुपारी घरी आलात, म्हणे. आम्ही मुलं शाळेत होतो. तुम्ही तिला म्हणालात, चांगलं लुगडं नेस. गेस्ट हाउस रिकामं होतं. तुम्ही तिला पुढच्या पायऱ्यांवरून नेलंत, चपला घालून. बड्या साहेबांच्या खोलीतला टब तुम्ही आधीच घासून ठेवला होता, आणि बंबातलं पाणी बादल्या बादल्या आणून तो भरलात. तिला म्हणालात, "बस निवांत. मी बाहेर उभा आहे." माफी वगैरे काही मागितली नाहीत. जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड घालून तुम्ही कटलेट मांडून ठेवले होते, काटा-चमच्यासकट.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. माझे कान सगळे बाहेर. कोणी आलं तर ह्यांची नोकरी जाईल, हेच डोक्यात. पाणी कसं होतं तेबी कळलं नाही. अन् तेवढ्यात जीपचा आवाज आला. ह्यांनी दार ठोकलं, धडाधडा. मी तशीच ओली, लुगडं गुंडाळून मागून पळाली." तिनं टबातलं पाणी ओंजळीत घेतलं. "जीप आलीच नव्हती आत. रस्त्यानं गेली होती. पण मी काय वापस गेली नाही, आन् त्यांनी बी पुन्हा म्हटलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू दार ठोकलं ना, मले वाटलं, झालं. पुन्हा आली जीप. म्हटलं, आज नाही उठत, जा."

मी तिला बसू दिलं. पाणी कोमट झालं तसा मी गरम नळ थोडा सोडला. नात दारात येऊन उभी राहिली. मी तिला हात केला, ती आत आली आणि जमिनीवर टेकली. मी तिची माफी मागितली, तिच्या आजीसमोर. तुम्हाला जमलं नव्हतं ते तोंडानं म्हणणं, म्हणून नाही. तिचा चेहरा बघवत नव्हता म्हणून. आईला बाहेर काढायला मात्र आम्ही दोघी पुरलो नाही, त्या निळ्या साडीवाल्या बाईला पुन्हा बोलवावं लागलं. टबाची कड खरंच फार उंच होती. यात माझं चुकलं नव्हतं.

परतताना नात इंदूरलाच राहिली. गाडीत मागे मी आणि आई. घर जवळ आलं, बहादरपूरच्या केळीच्या बागा दिसायला लागल्या, तेव्हा आईनं एकदम विचारलं, "त्या दिवशी तू माझ्यासंगं होती ना, पायरीवर?" मी म्हटलं, "आठवत नाही." ती म्हणाली, "त्याच्यामुळे तू त्यांच्याशी धड बोलत नव्हती का, लगीन झाल्यावर?" मी म्हटलं, "काहीतरीच काय ग. संसारात वेळ कुठे असायचा." आईनं खिडकीकडे तोंड केलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आईलाही दाखवणार नाही. पण तिला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. लग्नानंतर सात वर्षं तुम्ही दर महिन्याला पॅसेंजरनं माझ्याकडे यायचात. मी तुम्हाला बाहेरच्या खोलीत बसवायची. काचेच्या कपाटातले कप काढायची, ट्रेमध्ये चहा, बशीत बिस्किटं, शेजारी घडी घातलेला रुमाल. सासरची माणसं म्हणायची, बापाचा मान ठेवावा तर हिनं. एकदा तुम्ही रिकामा कप घेऊन आत स्वयंपाकघराकडे यायला उठलात. मी तो तुमच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "बसा तुम्ही. पाहुणे आहात." तुम्ही बसलात. त्यानंतर कधी उठला नाहीत. पाहुण्याला अदबीनं लांब कसं ठेवतात हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो मान नव्हता, अण्णा. मी ते मुद्दाम करत होते.